बिबट्या दिसतो ठणठणीत, पण विष्ठेत असू शकतात जंतू! जाणून घ्या साल्मोनेलाविषयी

प्राणीसंग्रहालयातल्या वाघ, सिंह, बिबट्यांचं रोजचं खाणं म्हणजे कच्चं मांस. मांस नीट हाताळलं गेलं नसेल, तर त्यातून साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई-कोलाय हे जिवाणू त्यांच्या पोटात जातात.

प्राणी आजारी का दिसत नाही?
मांजर कुळातल्या प्राण्यांच्या जठरातलं आम्ल तीव्र असतं आणि आतडं आखूड. त्यामुळे मोठं जनावर बहुतेक वेळा कच्चं मांस पचवतं. जंतू मात्र सगळेच मरत नाहीत, काही विष्ठेतून बाहेर पडतात. बछडे, म्हातारी व आजारी जनावरं यांना जुलाब, ताप येऊ शकतो. जंतू रक्तात शिरले तर जीवही जातो.

माणसाला धोका कसा?
विष्ठेचा किंवा कच्च्या मांसाचा हात नकळत तोंडाला लागला की जंतू पोटात जातात. पिंजरा झाडणाऱ्या आणि मांस कापणाऱ्या कर्मचाऱ्यांना हा धोका जास्त. साल्मोनेलाची लागण झाल्यावर साधारण ६ तास ते ६ दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. लहान मुलं आणि वयस्करांना त्रास जास्त होतो.

मांस फ्रीजरमध्ये ठेवलं म्हणजे झालं का?
नाही. थंडीत जंतूंची वाढ थांबते, ते सगळे मरत नाहीत. मांस बाहेर ठेवून वितळवलं की पुन्हा वाढतात. म्हणून ते फ्रीजमध्येच वितळवावं, सुरी-फळी वेगळी ठेवावी आणि उरलेलं मांस पिंजऱ्यात पडू देऊ नये.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावला. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. तो विषाणू, जिवाणू नव्हे. पण संशय कोंबडीच्या मांसावरही गेला. म्हणजे खाद्याची तपासणी दोन्हींसाठी गरजेची.

गावात पिंजरा लागला तर?
उसात बिबट्या जेरबंद झाला की बघायला गर्दी होते. तेव्हा एवढं पाळा:
- पिंजऱ्याला, खालच्या विष्ठेला किंवा भक्ष्याच्या उरलेल्या मांसाला हात लावू नका. मुलांना लांब ठेवा.
- जागेची सफाई वन विभागाच्या कर्मचाऱ्यांनाच करू द्या.
- चुकून हात लागलाच तर साबणाने स्वच्छ धुवा, मगच पाणी प्या किंवा तंबाखू मळा.
- नंतर जुलाब-ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि पिंजऱ्याजवळ गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.