सुप्तावस्था (कीटकांची)

प्रतिकूल ऋतू निभावून नेण्यासाठी कीटकाने आपली वाढ किंवा प्रजनन रोखून धरण्याची स्थिती. तिच्यासाठीचा ‘डायपॉज’ हा इंग्रजी शब्द विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी 1893 मध्ये वापरला तो भ्रूणाच्या हालचालींतील एका टप्प्यासाठी. आजचा अर्थ त्याला नंतर चिकटला. थंडीने गारठून पडणे निराळे, ऊब मिळताच ते संपते. खऱ्या सुप्तावस्थेत वाढीची संप्रेरकेच थांबतात आणि तिची चाहूल संकटाआधीच, बहुधा लहान होत जाणाऱ्या दिवसावरून लागते. कपाशीवरील शेंदरी बोंडअळी अशी सरकीत दडून बसते, तर ज्वारीचा खोडकिडा अळीच्या रूपात धसकटांत. म्हणून धसकटे वेचून जाळायची.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील लोणंद भागात या विषयाचा धडा हुमणी देते; शेतकरी तिला उन्नीही म्हणतात. जवळच पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे, आणि उसाची मुळे हे तर हुमणीचे आवडते खाद्य. माळावरच्या हुमणीची (होलोट्रिकिया सेरेटा) वर्षाला एकच पिढी होते. पावसाळ्यात अळ्या मुळे कुरतडतात, पावसाळा सरल्यावर जमिनीतच कोष होतो आणि कोषातून भुंगेरा बाहेर पडतो. मात्र तो वर येत नाही. पंख फुटलेले, अंग पूर्ण वाढलेले, तरी हिवाळा-उन्हाळा तो मातीतच निपचित काढतो. काटेकोर व्याख्येत ही सुप्तावस्था की नुसती विश्रांती, हा वाद अभ्यासकांनी घालावा. शेतकऱ्याला तारीख हवी असते, आणि ती वळीव ठरवतो.

मे-जूनमध्ये वळवाचा दमदार पाऊस झाला की दिवेलागणीनंतर भुंगेरे जमिनीतून निघतात, बाभूळ, कडुनिंब, बोरीवर पाला खायला व मीलनाला जमतात आणि पहाटेआधी पुन्हा मातीत शिरतात. वर्षभर लपलेली कीड उघड्यावर सापडते ती याच मोजक्या रात्री. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. हे काम साऱ्या शिवाराने एकदम करायचे, एकट्याने केल्यास शेजारच्या बांधावरून भुंगेरे पुन्हा येतात. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडल्यावर धावपळ करणे हे उशिराचे शहाणपण.

सांगलीकडील नदीकाठची हुमणी (ल्युकोफोलिस लेपिडोफोरा) वेगळ्या जातीची आहे. तिचे भुंगेरे पाला खायला झाडांवर जमत नाहीत, त्यामुळे फांद्या हलवण्याचा उपाय तिथे चालत नाही.