स्टार्टर धरत नाहीये? विहिरीवरच्या मोटरीचा बिघाड आवाजावरून कसा ओळखायचा

'स्टार्टर धरत नाही.' जुन्नर-आंबेगावात हे तीन शब्द ऐकले की पुढचं सगळं डोळ्यांसमोर येतं. कांदा किंवा टोमॅटो पाण्याला आलाय, थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची आहे आणि बॅटरी घेऊन विहिरीवर जायचंय. शेजारी उसाचं रान असेल तर बिबट्याची धास्ती वेगळीच. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. म्हणजे ही भीती काही उगाच नाही.

त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे लवकर कळलं, तर अंधारातली एखादी फेरी नक्की वाचते. त्यासाठी आधी ती लोखंडी पेटी समजून घेऊ.

पेटीत नेमकं असतं काय?

साध्या स्टार्टरमध्ये ना चिप असते, ना प्रोग्रॅम. असते एक कॉईल, तिच्यासमोर लोखंडाचा हलता भाग, काही पॉईंट आणि एक ओव्हरलोड रिले. परदेशातली जुनी पिनबॉल यंत्रंसुद्धा 1970 च्या दशकापर्यंत याच कॉईल-पॉईंटच्या तत्त्वावर चालायची. तिथे गुण मोजले जायचे, इथे पाणी उपसलं जातं.

हिरवं बटण दाबलं की दोन फेजमधून कॉईलला वीज मिळते. कॉईल लोहचुंबक बनते आणि समोरचा भाग 'खट्ट' करून ओढून घेते. त्यासरशी तीन मोठे पॉईंट जुळतात आणि मोटर सुरू होते. त्याच वेळी एक छोटा पॉईंटही जुळतो. बटणावरून बोट काढलं तरी कॉईलची वीज चालू ठेवायचं काम त्याचं. लाल बटण हाच रस्ता तोडतं. लाईट गेली की कॉईल आपोआप सुटते आणि मोटर बंद होते.

ओव्हरलोड रिलेमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडपट्ट्या असतात. करंट जास्त वाहिला की त्या तापून वाकतात आणि कॉईलचा रस्ता तोडतात. यालाच आपण 'ट्रिप मारली' म्हणतो.

पेटी न उघडता काय कळतं?

बरंच काही. आधी फक्त ऐका.

1. बटण दाबलं, काहीच आवाज नाही. कॉईलला वीज पोचत नाहीये. फेज गेला असेल, फ्यूज उडाला असेल, ओव्हरलोड रिले ट्रिप झालेला असेल, लाल बटण आतच अडकलं असेल किंवा कॉईल जळली असेल. सुरुवात रिसेट बटणापासून करा. मोटर नुकतीच बंद पडली असेल तर दोन-चार मिनिटं थांबा, पट्ट्या थंड होऊ द्या, मगच रिसेट दाबा. जळका वास येत असेल तर संशय कॉईलवर.

2. बटण दाबून धरलं की चालते, सोडलं की बंद. म्हणजे कॉईल ठीक आहे, मोटर ठीक आहे. दोष बहुतेक त्या छोट्या पॉईंटचा किंवा त्याच्या सुटलेल्या वायरीचा. पॉईंटवर काजळी धरते, मधे मुंग्या अडकतात. हा तसा स्वस्तातला बिघाड. पण म्हणून हिरव्या बटणात काडी खुपसून मोटर चालवू नका. तसं केलं तर लाईट गेल्यावर सुटायची आणि परत आल्यावर बंदच राहायची स्टार्टरची सोय निकामी होते.

3. स्टार्टर खडखडतो किंवा मोठ्याने गुणगुणतो. व्होल्टेज कमी असेल तर कॉईलला पुरेसा जोर मिळत नाही, ती धरते-सोडते. व्होल्टेज बरोबर असूनही आवाज येत असेल तर चुंबकाच्या तोंडावर धूळ किंवा गंज बसलाय, नाहीतर त्यावरचं तांब्याचं छोटं कडं तुटलंय. खडखडत ठेवलेला स्टार्टर पॉईंट जाळतो.

4. मोटर घुमते, पण फिरत नाही. लगेच लाल बटण दाबा. एक फेज नसण्याची शक्यता मोठी. पंप गाळाने अडकला असेल तरी हेच होतं. दोन्हींत मोटर काही मिनिटांत जळू शकते.

5. थोडा वेळ चालते, मग ट्रिप. करंट जास्त जातोय. बेअरिंग घासत असेल, गाळ आला असेल, व्होल्टेज कमी असेल किंवा चालू मोटरीचा एक फेज गेला असेल. रिलेची खूण मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरशी जुळते का ते बघा. 5 एचपीच्या मोटरीला साधारण 7 ते 8 अँपिअर लागतात. खूण वर सरकवणं किंवा रिले बांधून ठेवणं हा इलाज नाही. ते म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं.

6. मोटर चालते, पाणी मात्र कमी. लाईन दुरुस्तीनंतर असं झालं असेल तर मोटर उलटी फिरत असू शकते. तीनपैकी कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की दिशा सुलटते. हे काम मात्र वायरमनचं.

एक फेज गेला, तरी स्टार्टर धरून कसा राहतो?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कॉईल चालते दोन फेजवर. गेलेला फेज तिसरा असेल, तर कॉईलला पत्ताच लागत नाही. ती पॉईंट धरून ठेवते आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट खेचत तापत जाते. अशा वेळी ओव्हरलोड रिले हा शेवटचा राखणदार. तोच बांधून ठेवलेला असेल तर मोटर भरायला न्यावी लागणार, हे नक्की. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घेतलेला बरा.

टेस्टरही इथे फसवतो. टेस्टरचा दिवा तीनही फेजवर लागला म्हणजे लाईट पूर्ण आहे असं नाही. वीज आहे एवढंच तो सांगतो, किती आहे ते नाही. खरी परीक्षा मीटरची. दर दोन फेजमध्ये 415 व्होल्टच्या आसपास आणि तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा आकडा खूप कमी असेल तर दोष तुमच्या पेटीत नसून लाईनवर किंवा डीपीवर असू शकतो.

'ऑटो'चं काय करायचं?

रात्री रानात जावं लागू नये म्हणून अनेक जण ऑटो स्विच बसवतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. कारण समजण्यासारखं आहे. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते आणि मग सगळ्यांचंच पाणी थांबतं. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर लावा असं वारंवार सांगतं, ते यासाठीच. ऑटो असेलच तर टायमर लावून प्रत्येकाने वेगवेगळी वेळ ठेवणं एवढं तरी डीपीवरच्या शेतकऱ्यांना आपसात ठरवता येईल.

दुसरा धोका जिवाचा आहे. ऑटोवरची मोटर विहिरीत माणूस उतरलाय का, हे बघत नाही.

हात कधी घालायचा, कधी नाही?

- पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. ऑटो असेल तर तोही बंद करा.
- मेन स्विच बंद असला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या वायरींत करंट असतोच.
- ओल्या हातांनी, अनवाणी किंवा चिखलात उभं राहून पेटीला हात नको. पेटीचं आणि मोटरीचं अर्थिंग तपासून घ्या.
- बंद लाईटवर बघायचं ते एवढंच: सैल स्क्रू, काळवंडलेली वायर, पाल, मुंग्या, काजळी. चालू लाईटवरची मोजणी वायरमनकडूनच.
- डीपीचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका. 1912 वर तक्रार नोंदवा किंवा लाईनमनला बोलवा.

आणि रात्री बंद पडलेला स्टार्टर रात्रीच उघडायचा नाही. फक्त आवाज ऐकून ठेवा: काहीच नाही, खडखड, घुमणं की ट्रिप. सकाळी वायरमनला 'मोटर बंद आहे' एवढंच न सांगता हे सांगितलंत, तर त्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असेल.