इंधन सोलेनॉइड, नायट्रस प्रणालीतील : निगा व तपासणी

मोटारगाडीच्या इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडताना त्याच्या जोडीला लागणारे जादा पेट्रोल सोडणारी, विजेवर उघडणारी झडप. नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकाच नोझलमधून किंवा कार्बुरेटरखालच्या पट्टीतून फवारणाऱ्या ‘वेट’ प्रणालीत ती असते. ‘ड्राय’ प्रणालीत जादा पेट्रोल गाडीच्या मूळ इंजेक्टरमधूनच येते, त्यामुळे तिथे ही झडप लागत नाही.

नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो. हवेत तो सुमारे २३ टक्के असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसला त्या वायूचे विघटन होऊन ऑक्सिजन मोकळा होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाईदलाने उंचीवरच्या विरळ हवेत विमानांची शक्ती टिकवण्यासाठी त्याचा वापर केला. पुढे ड्रॅग शर्यतींतून तो मोटारींत रुळला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील ‘एनओएस’ कंपनीचे नाव तर या प्रणालीलाच चिकटले. साडेनऊ ते दहा किलो नायट्रस पुरते वापरायला साधारण एक किलो पेट्रोल लागते, आणि प्रत्यक्षात मिश्रण सुरक्षित राहावे म्हणून पेट्रोल त्याहून थोडे जास्तच दिले जाते. हे पेट्रोल वेळेवर आणि पुरेसे मिळते की नाही, हे या झडपेवर ठरते.

रचना साधी आहे. तांब्याच्या तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, तिच्या पोकळीत सरकणारा पोलादी प्लंजर, त्याला खाली दाबून धरणारी स्प्रिंग, प्लंजरच्या टोकाला बसवलेले सील आणि ते सील ज्यावर टेकते ते छिद्र. १२ व्होल्टचा प्रवाह मिळाला की प्लंजर उचलला जातो. प्रवाह तुटला की स्प्रिंग त्याला परत बसवते. नायट्रसच्या सोलेनॉइडला बाटलीचा ९०० ते ९५० पौंड प्रति चौरस इंच दाब पेलावा लागतो. इंधनाच्या सोलेनॉइडपुढे कार्बुरेटरच्या गाडीत जेमतेम ५ ते ७ पौंड आणि इंजेक्शनच्या गाडीत बहुधा ४० ते ६० पौंड दाब असतो. म्हणून या दोघांची अदलाबदल कधीही करू नये. दाबातल्या याच फरकामुळे सगळे लक्ष नायट्रसच्या बाजूला जाते आणि इंधनाची झडप वर्षानुवर्षे तशीच राहते. हे दुर्लक्ष महागात पडते.

नायट्रसची झडप उघडली नाही, तर जादा पेट्रोलमुळे मिश्रण रिच होते, गाडी अडखळते आणि बहुधा शर्यत हातची जाते. इंधनाची झडप उघडली नाही, तर इंजिनात ऑक्सिजनचा लोंढा येतो आणि पेट्रोल मात्र येत नाही. मिश्रण लीन होते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळू शकतो. दोन्ही सोलेनॉइड बहुधा एकाच रिलेवर जोडलेले असतात. इंधनाच्या बाजूची एक तार तुटली किंवा कनेक्टर सैल झाला, तरी नायट्रस आपल्या वेळेवर उघडतेच.

पुष्कळजण इंधन-दाबाच्या सुरक्षा स्विचवर विसंबतात. दाब घसरला की तो नायट्रस बंद करतो, हे खरे. पण हा स्विच सामान्यतः सोलेनॉइडच्या आधी, पंपाकडच्या नळीवर बसवतात. प्लंजर अडकला तर अलीकडे दाब पुरेपूर असतो; स्विचला सगळे ठीक दिसते. पंप निकामी झाल्यास तो इंजिन वाचवतो, झडप अडकल्यास नाही. ती उणीव नियमित तपासणीनेच भरून निघते.

इंधनाच्या सोलेनॉइडचे खरे शत्रू तीन : इंधनाचे रसायन, कचरा आणि साठवणूक. पेट्रोलमध्ये सील थोडे फुगते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते वाळते, कडक होते, आणि उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर प्लंजरला धरून ठेवतो. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. त्यामुळे आयात केलेल्या किटमधले सील कोणत्या इंधनासाठी बनवले आहे, हे उत्पादकाच्या पत्रकात पाहूनच वापरावे. मिथेनॉलसाठी तर वेगळे सील लागतेच.

कचऱ्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप. तिचे तंतू सुटून सीलखाली अडकतात. पाइपच्या आट्यांवर टेपऐवजी टेफ्लॉन पेस्ट, तीही पहिला एक-दोन आटा कोरडा सोडून, लावावी. फ्लेअर जोडांना काहीच लावू नये. सोलेनॉइडच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर हवाच, आणि तो दर मोसमाला उघडून पाहावा. बसवताना बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवावा. उलटी बसवलेली झडप दाबानेच उघडू पाहते.

गळतीची चाचणी अशी : बाटलीचा कॉक बंद करून नायट्रसची नळी रिकामी करावी, नोझलकडची इंधननळी सोडवून तिचे टोक भांड्यात धरावे आणि पंप सुरू करावा. काही मिनिटांत एक थेंबही पडता कामा नये. इंजिन थंड असावे, आग विझवण्याचे साधन हाताशी असावे. ठिबकणारी झडप बंद गाडीतही मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साठवते; त्यातून बॅकफायर होतो, इंजिन ऑइल पातळ होते आणि सिलिंडर पेट्रोलने भरल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

उघडण्याची चाचणी त्याहून महत्त्वाची आहे. प्रवाह दिल्यावर ‘टक्’ आवाज आला एवढ्यावर समाधान मानू नये. प्लंजर हलला, इतकेच त्यातून कळते. नळीच्या टोकाला गाडीत आहे त्याच मापाचा जेट लावून पेट्रोल वाहते ठेवावे आणि त्या स्थितीत दाब मोजावा. बंद नळीतला दाब फसवा असतो. कॉइलचा रोध मल्टीमीटरने मोजून नवीन असतानाच्या आकड्याशी ताडावा, आणि सोलेनॉइड चालू असताना त्याच्या टोकांवर किती व्होल्ट पोहोचतात तेही पाहावे. फार वेळ सलग चालू ठेवल्यास कॉइल तापून जळते. नायट्रस टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या कंट्रोलरमध्ये झडप सेकंदाला अनेक वेळा उघडते-मिटते. तिथे सील आणि स्प्रिंग लवकर झिजतात.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून या प्रणालीची जागा लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींसारख्या बंदिस्त ठिकाणीच आहे.

सील, स्प्रिंग आणि ओ-रिंग यांचा दुरुस्ती संच एका पिस्टनच्या तुलनेत स्वस्त असतो. तो दर मोसमाच्या सुरुवातीला बदलावा, आणि वाहत्या पेट्रोलचा दाब मोजल्याशिवाय बाटलीचा कॉक उघडू नये.