दिवेलागणीचा अभ्यास : परवच्यापासून गृहपाठापर्यंत



कोणत्याही गावच्या पालकसभेत जाऊन बसा, एक तक्रार हटकून ऐकू येते. गुरुजी म्हणतात, मुले घरचा अभ्यास करून आणीत नाहीत. आईबाप म्हणतात, आम्ही दिवसभर रानात. आणि घरी असलो तरी त्या वह्यांतलं आम्हांला काय कळतं? मग एखादे म्हातारे गृहस्थ उठून सांगतात की आमच्या वेळी असं नव्हतं. ह्या तिघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे आहे. ‘आमच्या वेळी’ काय होते आणि ते का मोडले, हे आज जरा मागे जाऊन पाहू.

पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही कितीतरी वर्षे आपल्याकडे शिक्षण म्हणजे पंतोजींची शाळा. ती कुणाच्या ओसरीवर, देवळात किंवा पडवीत भरायची. पंतोजींना सरकारी पगार नसे; मुलांच्या घरून मिळेल तो पैसा, धान्य आणि सणावाराची दक्षिणा यांवर त्यांचे चाले. मुलाच्या हाती प्रथम येई ती धूळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने तीत अक्षर काढायचे. चुकले तर हात फिरवला की पाटी कोरी! हात बसला की मग बोरूची लेखणी, शाई आणि मोडीचा कित्ता. छापील पुस्तक बहुतेकांनी जन्मात पाहिलेले नसे. म्हणून जे काही शिकायचे ते डोक्यात साठवणे भाग होते, आणि साठवायचे साधन एकच: तोंडाने म्हणणे.

पाढे आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी एक मोठी रांग होती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, या सगळ्यांचे पाढे! आजच्या मुलाला हा छळ वाटेल. पण जरा हिशेब करून पाहा. तूप सव्वा रुपया शेर असले तर सात शेरांचे किती? सवायकी पाठ असलेले पोर कागदाला हात न लावता सांगे, पावणेनऊ. आणि रुपयाचे आणे सोळा, तेव्हा पावणेनऊ म्हणजे आठ रुपये बारा आणे. बाजारात, वाण्याच्या दुकानात, सावकाराच्या दारात हेच गणित दररोज लागे. ज्याला ते येत होते त्याला फसवणे अवघड होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि पावकी-निमकीचे बाजारातले काम हळूहळू संपले. काम संपले तशी ती शाळेतूनही गेली. गेली त्याचे मला फारसे दुःख नाही.

दुःख आहे ते तिच्याबरोबर दुसरी एक गोष्ट गेली त्याचे. ती म्हणजे परवचा.

दिवेलागण झाली की मुलांनी हातपाय धुऊन दिव्यापुढे बसायचे. शुभंकरोति म्हणायचे, आणि मग वार, तिथी, महिने, ऋतू, नक्षत्रे, पाढे असे सगळे एका दमात, मोठ्याने, सगळ्या भावंडांनी मिळून म्हणायचे. धाकटे पोर थोरल्याच्या आवाजात आवाज मिसळून, अर्थ कळण्याआधीच अर्धे शिकून जाई. आता यातली एक खुबी बघा. आजी जात्याशेजारी डाळ निवडीत बसलेली असे. तिला अक्षर येत नसे. पण वर्षानुवर्षे कानावरून गेल्यामुळे तेराच्या पाढ्यात नातू कुठे अडखळला, ते तिला बरोबर कळे. ‘पुन्हा म्हण रे,’ एवढे ती म्हणाली की झाले. म्हणजे परवच्याला ऐकणारे माणूस लागे, पण ते शिकलेले असण्याची गरज नव्हती. शिवाय त्याची वेळ ठरलेली, जागा ठरलेली. ‘आज अभ्यास करायचा की नाही’ हा प्रश्न मुलापुढे उभाच राहत नसे.

या जुन्या पद्धतीचा एक धागा थेट विलायतेला गेला, तोही सांगून टाकतो. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत उचलली. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे ही व्यवस्थाही त्याने शाळेत लावली. १७९७ साली त्याने लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडच्या गरिबांच्या शाळांतून चालू झाली. आपली धूळपाटी साहेबाच्या देशात मानाने बसली आणि आपल्याकडे तिची जागा दगडी पाटीने घेतली!

पण जुन्या काळाचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो. पंतोजींची छडी आणि अंगठे धरून उभे करण्याच्या शिक्षा यांनी कितीतरी मुले शाळेला कायमची मुकली. आणि त्या ओसरीवर कोण बसत होते? मुली जवळपास नाहीत. अस्पृश्य मानलेल्या जातींना दार बंद. शेतकऱ्याकुणब्यांची पोरे थोडीच. ज्या घरात दिव्याला तेल घालायची भ्रांत, तिथे परवचा कसला? महात्मा जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ह्या बंद दाराला पहिला मोठा धक्का बसला. आणि १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी रात्रीची शाळा सुरू केली, दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांसाठी. दिवेलागणीची वेळ त्यांनी ज्यांना ती कधीच मिळाली नव्हती त्यांच्या हाती दिली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. महारमांगांच्या दुःखाविषयी तिने त्यात लिहिले होते. शाळकरी मुलीने स्वतःच्या जगण्यावर केलेले हे लेखन आहे. मुलांना निबंधाला विषय देताना शिक्षकांनी ते जरूर आठवावे.

इकडे सरकारी शाळा वाढत होत्या. १८२२ नंतर मुंबईच्या संस्थेने मराठी पुस्तके छापायला घेतली, शतकाच्या मध्याला मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके आली. वर्ग पडले, घंटा आली, हजेरी आली, वर्षाकाठी परीक्षा घेणारे ‘डिप्टीसाहेब’ आले. सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला तर इतका मान होता की पास झालेला माणूस आपल्या नावापुढे ‘व्ह. फा.’ लिहीत असे. त्याच बळावर तो तलाठी होई, नाहीतर मास्तर. या सगळ्याबरोबर घरचा अभ्यासही पालटला. तोंडी होता तो लेखी झाला, आणि एकत्र होता तो एकट्याचा झाला. परवच्याचा झाला गृहपाठ.

हा बदल मोठा आहे, आणि त्याची किंमत कुणी दिली तेही पाहा. लिहिलेले तपासायला लिहिता-वाचता येणारे माणूस लागते. शिकलेल्या घरच्या मुलाला ते फुकट मिळाले. त्याचा बाप संध्याकाळी वहीवर नजर टाकी. ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारा तोच पहिला, त्याची आई वही हातात घेऊन फक्त अक्षर सुबक आहे का एवढे पाहू शकली. परवच्याच्या काळी जी आजी परीक्षक होती, ती गृहपाठाच्या काळात अडाणी ठरली. त्या तक्रारीतला ‘आम्हांला काय कळतं’ हा उद्गार तिथून आला आहे.

हे दुखणे ज्यांना नेमके कळले त्यांनी उपदेश केले नाहीत, अभ्यासाला जागा मिळवून दिली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ चा, म्हणजे त्यानंतरचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत, हाताने काम करीत आणि शिकत. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रदेखील. एका दिव्याभोवती शेजारी शेजारी बसून वाचणारी मुले, हीच तर घरच्या ओसरीची जागा होती, फक्त आता ती सर्वांसाठी खुली होती.

आणि परळच्या चाळीतली ती एक खोली. स्वयंपाक, झोप, सामान, सगळे तिथेच. सुभेदार रामजी सकपाळ मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे होत. घर निजलेले असे, तेवढीच काय ती शांतता. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. बाबासाहेबांच्या बुद्धीविषयी आपण नेहमी बोलतो; रामजींच्या जागरणाविषयी फार कमी.

पाठांतराविषयी दोन शब्द. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या किती वेळात विसरतात ते मोजले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. नवे शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने निसटते. थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकते. पुढच्या संशोधनातूनही हे पुन्हा पुन्हा दिसून आले. म्हणजे दररोजचा अर्धा तास हा रविवारी एकदम घातलेल्या चार तासांपेक्षा अधिक कामाचा. परवचा हेच करीत होता. आणि एकच उत्तर दहा वेळा उतरवून काढणे हे मात्र कोणत्याच जुन्या-नव्या शहाणपणात बसत नाही. त्याने हात दुखतो, डोके रिकामेच राहते.

दप्तराच्या आणि अभ्यासाच्या ओझ्यावर यशपाल समितीने १९९३ साली बोट ठेवले. २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, आणि सहावी ते आठवीला दिवसाला फार तर एक तास, असे सुचवले आहे. तेव्हा गुरुजनहो, तीन विषयांच्या शिक्षकांनी आपापला एक तास दिला तर काय होईल त्याचा हिशेब एकत्र बसून करा. थोडे द्या, पण दिलेले दुसऱ्या दिवशी पाहा. न पाहिलेली वही मुलाला एकच गोष्ट शिकवते: केले काय आणि न केले काय, सारखेच.

आणि आईबापांनो, वही वाचता येत नसेल तर राहू द्या. मुलाला म्हणा, आज शाळेत काय झालं ते मला सांग. समजावून सांगताना ते कुठे अडखळते ते तुम्हांला कळेल, आजीला कळायचे तसे. आणखी एक: संध्याकाळी मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि त्याच इयत्तेतली मुलगी पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्याला सांभाळते, हे अजूनही कित्येक घरांत चालते. तिचा तास कोणता, ते एकदा घरात बसून ठरवा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टात हे काम घराघरावर न सोडता गावानेच अंगावर घेतले. करोनाच्या साथीत शाळा बंद होत्या, अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलांच्या हाती आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. ग्रामसभेत ठरले की देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजेल, आणि वाजला की घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद, थोरांचेसुद्धा. मुलांनी अभ्यासाला बसायचे. सुरुवातीला लोक कुरकुरले, सरपंच आणि गावकरी दारोदार फिरले. साडेआठला भोंगा पुन्हा वाजे, आणि मग ज्याला मालिका पाहायची त्याने खुशाल पाहावी.