भंडारदऱ्याचा चुना आणि उसाची राख

भंडारदऱ्याला आपण दर पावसाळ्यात जातो, भिजतो, भजी खातो. धरणाची भिंत कशाने चिकटवली आहे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. सिमेंट नाही राव, चुना! 1910 ला काम सुरू झालं, 1926 ला संपलं आणि साधारण 82 मीटर उंच दगडी भिंत चुन्यात उभी राहिली. (1969 मध्ये तडे जाऊन गळती लागली, मग टेकू द्यावे लागले, हेही सांगायला हवं.)

आता, नुसता चुना पाण्याखाली नीट घट्ट होत नाही. म्हणून आपले जुने गवंडी त्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, घालायचे. तिच्यातली सिलिका चुन्याला धरते. रोमन लोकांनी हेच ज्वालामुखीच्या राखेने साधलं. पुढे पोर्टलंड सिमेंट आलं आणि सुरखी मागे पडली. पण एक टन क्लिंकर भाजताना 0.8 टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला निम्म्याहून अधिक चुनखडीतूनच. म्हणजे इंधन बदलूनही सुटका नाही.

1950 च्या दशकात कीव्हमध्ये ग्लुखोव्स्कीने चुन्याऐवजी अल्कली वापरून बघितली. 1970 च्या दशकात फ्रान्सच्या जोसेफ दाविदोविट्सने अशा पदार्थांना नाव दिलं, जिओपॉलिमर. कॉस्टिक सोडा राखेतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळवतो, मग त्यांचं जाळं विणलं जातं. गोची एकच: सोबत लागणारं सोडियम सिलिकेट वाळू आणि सोडा हजार अंशांच्या वर वितळवून करतात. म्हणजे परत भट्टी आलीच!

इथे आपला नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा येतो. उसाचं पान हाताला कापतं ना? ती सिलिका. भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेकाठी ऊस वाढला, 1950 मध्ये विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. बॉयलरमध्ये बगॅस जळतं, राख उरते. अकोल्याकडे भात, त्याचं तूस. नीट जाळलेल्या तुसाच्या राखेत 85 टक्क्यांहून जास्त सिलिका असते. ती कॉस्टिकमध्ये उकळली की भट्टीशिवाय सिलिकेट तयार.

सोपं मात्र नाही हं. फार तापवली तर सिलिका स्फटिकरूप होते आणि विरघळायला कुरकुरते. बगॅसच्या राखेत माती आणि अर्धवट जळालेला कोळसाही असतो, शिवाय अ‍ॅल्युमिना कमी. त्यासाठी औष्णिक केंद्राची फ्लाय अ‍ॅश हवी, ती शेजारी नाशकात एकलहऱ्याला मिळते. आणि कॉस्टिक हात भाजतं, गवंडी ते घमेल्यात कसं कालवणार? म्हणूनच सगळं कोरड्या भुकटीत आणून पोत्यात भरायचं आणि साइटवर फक्त पाणी घालायचं, या दिशेने प्रयोग चालू आहेत.