असंभवदर्शक वाक्संप्रदाय : पैठण, वेरूळ व खुलदाबाद येथील कांहीं साधनें

१. ‘जी गोष्ट बहुधा होणार नाहीं’ ती सांगण्यासाठीं जुन्या कागदांत जे वाक्संप्रदाय येतात, त्यांवरून कागदाचा काल ठरविण्याचा मोह संशोधकांस वारंवार होतो. एखाद्या बाडांत ‘सुईच्या नेढ्यांतून उंट जाणें’ हा प्रयोग दृष्टीस पडला, कीं हा इंग्रजी वळणाचा, अर्थात् तें पान एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडचें, असा निकाल देऊन कित्येक मोकळे होतात. हा निकाल चुकला तर अस्सल पान बनावट ठरतें आणि बाडासकट रद्दींत जातें. वाक्संप्रदायाची वंशावळ तपासल्यावांचून त्यास साक्षीस उभें करूं नये, एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. साधनें मुख्यतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) जिल्ह्यांतील घेतलीं आहेत. कारण संस्कृत, संतपरंपरा व फारसी हे तीन थर येथें हाताच्या अंतरावर सांपडतात, आणि इंग्रजीचा चौथा थर त्यांवर मागाहून चढला आहे.

२. प्रथम एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. ‘शशशृंग’, ‘खपुष्प’, ‘वंध्यापुत्र’ हीं शास्त्रकारांचीं उदाहरणें आहेत. तीं अत्यंत असंभव दाखवितात. तेथें प्रयत्नास वाव नाहीं. इंग्रजींतील ‘डुकरें उडूं लागतील तेव्हां’ हा प्रयोग ह्याच जातीचा. दुसरी जात प्रायः असंभवाची. तींत ‘प्रायः’ हाच प्राण होय. वाक्संप्रदाय एका जातींतून दुसरींत जातात, हेंही विसरूं नये. ‘वर्तुळाचा चौरस करणें’ हें इंग्रजींत अति दुर्घट कामाचें नांव. परंतु पट्टी व कंपास एवढ्याच साधनांनीं तें मुळींच होणें नाहीं, असें लिंडेमान ह्या जर्मन गणितज्ञाच्या १८८२ तील सिद्धतेनें ठरलें. उलट दिशेचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. भर्तृहरीनें नीतिशतकांत वाळूंतून तेल, मृगजळांतून पाणी व सशाचें शिंग हीं तिन्ही एक वेळ मिळतील, परंतु हट्टी मूर्खाचें मन वळणार नाहीं, असें म्हटलें. वामनपंडितानें तें मराठींत आणिलें. पुढें लोकांनीं मूर्खाची गोष्ट टाकून तेलाची तेवढी ठेविली, व निराशेचें वचन प्रयत्नाच्या स्तुतीचें झालें.

३. प्रायः असंभवाचा ह्या प्रांतासंबंधीं जुना लेखी पुरावा कर्कराज सुवर्णवर्ष ह्याच्या शके ७३४ (इ. स. ८१२) च्या बडोदें ताम्रपटांत आहे. राष्ट्रकूट कृष्णराजानें एलापुर येथें बांधविलेलें शिवमंदिर पाहून विमानांतून जाणारे देव चकित झाले व हें मनुष्यकृत नव्हे असें त्यांस वाटलें. आणि कारागिराचेंच दुसऱ्या तशाच कामीं बळ चालेना, तेव्हां हें आपल्या हातून झालें तरी कसें, असें आश्चर्य त्यासही वाटलें, असा त्याचा आशय आहे. एलापुर म्हणजे वेरूळ व तें मंदिर म्हणजे कैलास लेणें, ही ओळख रा. गो. भांडारकर यांनीं पटविली. स्तुतीचा अतिशय वगळला तरी मूळ वस्तु तशीच आहे : २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आवारांत, मागील बाजूस शंभर फुटांहून अधिक उंच कडा तासून, वरून खालीं कोरीत आणिलेलें हें देवालय. सर्व काम एकाच राजाच्या कारकीर्दींत झालें नसावें, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें आहे.

कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ ग्रंथांत हीच गोष्ट लोककथेच्या रूपानें येते. राजा रोगमुक्त झाल्यास मंदिर बांधीन व शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाहीं, असा राणीचा नवस होता. मंदिरास महिनोगणती लागणार. तेव्हां पैठणच्या कोकस शिल्प्यानें शिखरच आधीं कोरून आठवड्यांत राणीस दाखविलें. कथा इतिहास नव्हे. परंतु शिखर आधीं व पाया मागाहून हा कामाचा क्रम तिनें बरोबर राखला आहे. ताम्रपटाहून कित्येक शतकें अलीकडची साक्षही अशा ठिकाणीं उपयोगी पडते.

४. पैठणचाच दुसरा संप्रदाय ‘रेड्यामुखीं वेद बोलविणें’ हा. ज्ञानेश्वरादि भावंडें शुद्धीसाठीं पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे गेलीं असतां हा प्रकार घडला, अशी परंपरा असून महिपतीनें शके १६८४ (इ. स. १७६२) च्या ‘भक्तविजयां’त तो सविस्तर वर्णिला आहे. बोपदेवाच्या नांवावर असलेल्या शुद्धिपत्राचा अस्सलपणा वादाचा विषय झालेला आहे. परंतु वाक्संप्रदायास त्या वादाचें बंधन नाहीं. श्रोत्यास रेडा बोलल्याचें माहीत आहे; म्हणूनच ‘रेड्यामुखीं वेद’ म्हणतांना आशेचा एक धागा शिल्लक राहतो. ‘अटकेपार झेंडे लावणें’ ह्याचेंही बळ १७५८ च्या प्रत्यक्ष स्वारींत आहे. ‘अटक’ ह्या शब्दाचा अडथळा हा दुसरा अर्थ त्यास पोषक झाला.

५. फारसी थराकडे वळूं. ‘हनोज दिल्ली दूर अस्त’ हें वचन निजामुद्दीन औलियाच्या मुखीं घालतात. घियासुद्दीन तुघलक १३२५ मध्यें दिल्लीस पोंचण्यापूर्वींच मंडप कोसळून मेला, ह्या घटनेशीं तें जोडलेलें आहे. आपणही ‘अजून दिल्ली दूर आहे’ म्हणतों. घियासुद्दीनाच्या पुत्रानें, महंमद तुघलकानें, १३२७ मध्यें देवगिरीस दौलताबाद करून राजधानी तेथें आणिली. निजामुद्दीनाचा शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब, तसाच त्याचीं संभाषणें टिपून ठेवणारा अमीर हसन सिजझी, हे दोघेही इकडे आले व खुलदाबादेस त्यांच्या कबरी आहेत. म्हणजे दिल्लीच्या त्या दर्ग्याची मंडळी ह्या प्रांतांत चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच स्थिरावली होती. येथील कागदांत असें वचन दिसल्यास त्यासाठीं मोंगलाईची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

६. आतां उंटाकडे येऊं. हा दाखला बायबलांतील मत्तय, मार्क व लूक ह्या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. मराठी नवा करार श्रीरामपूर येथें १८११ मध्यें छापला गेला. परंतु हाच दाखला कुराणाच्या सातव्या सुरेच्या चाळिसाव्या आयतींतही आहे, आणि ह्या प्रांतांत कुराण इंग्रजांच्या पूर्वीं कित्येक शतकें पढलें जात होतें. शिवाय ख्रिस्ती म्हणजे इंग्रजीच असेंही नाहीं. फादर स्टीफन्सचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्यें गोमंतकांत रायतूर येथें छापलें होतें.

दोहोंतील अर्थभेद मात्र उपयोगाचा आहे. शुभवर्तमानांत उंटाची तुलना धनवंताशीं असून, मनुष्यास जें अशक्य तें ईश्वरास शक्य, अशी पुस्ती लगेच जोडलेली आहे. अर्थात् हा प्रायः असंभव. कुराणांत सत्य नाकारणाऱ्यांस उंट नेढ्यांतून जाईपर्यंत स्वर्ग नाहीं, म्हणजे कधींच नाहीं. हा अत्यंत असंभव. दुसऱ्या कलमांतील भेद येथें कसोटी म्हणून चालतो. वाक्यांत धनवान मनुष्य असेल तर ख्रिस्ती उगमाकडे पाहावें. ‘तोंपर्यंत नाहीं’ अशी मुदत असेल तर कुराणाकडे.

७. ज्यावर इंग्रजीचा शिक्का निःसंशय आहे असे प्रयोगही आहेत. ‘गवताच्या गंजींत सुई शोधणें’ हें उघड भाषांतर होय. त्यास ‘दर्यांत खसखस’ हा जुना जोड दाखवितात, तो बरोबर नाहीं. खसखशीचा दाणा शोधावयाचा नसतो. त्याची क्षुद्रता दाखवावयाची असते. तसेंच ‘पालथ्या घड्यावर पाणी’ हें व्यर्थ कर्माचें चित्र आहे, असंभवाचें नव्हे. पाणी ओततां येतें, राहत नाहीं. सारख्या दिसणाऱ्या दोन म्हणी एका कुळीच्या असतातच असें नाहीं.

८. सारांश, वाक्संप्रदायावरून काल ठरवितांना तीन प्रश्न विचारावे : असंभव अत्यंत कीं प्रायः, चित्र एकाच भाषेचें कीं अनेकांचें, आणि तें ह्या प्रांतीं येण्याचा सर्वांत जुना मार्ग कोणता. ह्यांचें उत्तर सुट्या शब्दांत मिळत नाहीं, मागच्यापुढच्या वाक्यांत मिळतें. म्हणून संग्राहकांस विनंती, कीं असा प्रयोग आढळल्यास तेवढाच उतरून घेऊं नये. संपूर्ण परिच्छेद, हस्ताक्षराचें वळण व बाडांतील पानाचें स्थान ह्यांसह नक्कल करावी, आणि केवळ एका उंटासाठीं कोणतेंही पान बाडांतून काढून टाकूं नये.