परळचे दोन प्रश्न : प्रत्यारोपण, विषाणू आणि कर्करोग

१/ मुंबईच्या परळमध्ये केईएम आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालये शेजारी शेजारी आहेत. १९६०च्या दशकात एकीकडे परका अवयव शरीरात कसा टिकवावा, याचा शोध चालू होता. तर दुसरीकडे विषाणूंचा कर्करोगाशी काय संबंध, याचा. पुढे हे दोन्ही प्रश्न एकाच रुग्णाच्या शरीरात भेटले. त्या भेटीचा हा इतिहास. #धागा

२/ मे १९६५मध्ये केईएममध्ये भारतातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. फेब्रुवारी १९६८मध्ये तेथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला.

३/ त्या काळी शस्त्रक्रियेइतकाच मोठा अडसर होता शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. १९५४मध्ये बोस्टनला पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांत. तेथे 'परके' असे काही नव्हतेच. इतरांसाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे हवी होती. १९६०च्या दशकात अझाथायोप्रिन आले आणि वाट खुली झाली.

४/ आता दुसरा प्रश्न. १९११मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीतील गाठ विषाणूमुळे होते, हे दाखवले. त्यासाठी नोबेल मिळाले थेट १९६६मध्ये! परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे उंदरांतील स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते तपासत होत्या.

५/ १९६४मध्ये लंडनला युगांडातील रुग्णांच्या गाठींत एक नवा विषाणू सापडला : एपस्टाइन-बार. पुढे कळले की जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो असतो आणि जन्मभर निद्रिस्त राहतो.

६/ १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डेन्व्हर येथे इस्रायल पेन आणि थॉमस स्टार्झल यांना विचित्र गोष्ट दिसली. ज्यांचे नवे मूत्रपिंड उत्तम चालले होते, अशा काही रुग्णांना लसिका ग्रंथींचा कर्करोग होत होता. पेन यांनी अशा रुग्णांची नोंदवही सुरू केली आणि ती आयुष्यभर जपली.

७/ कारण हळूहळू उलगडले. परक्या अवयवावर चालून जाणारा पहारेकरीच निद्रिस्त विषाणूंवर नजर ठेवत असतो. अवयव वाचवण्यासाठी त्याला गुंगी दिली की विषाणू जागे होतात.

८/ १९८४मध्ये स्टार्झल यांच्या चमूने दाखवले की औषधांची मात्रा कमी केली, तर यांपैकी काही गाठी विरघळतात. मात्र मात्रा फार उतरली, तर शरीर अवयव नाकारते. हा तोल सांभाळणे हेच आजही उपचाराचे मर्म आहे.

९/ यादी वाढत गेली : यकृतासाठी हिपॅटायटिस बी आणि सी, गर्भाशयमुखासाठी एचपीव्ही, १९९४मध्ये कापोसी सार्कोमाचा विषाणू, २००८मध्ये मर्केल पेशींच्या त्वचाकर्करोगाचा.

१०/ प्रतिबंधाची सुरुवात शस्त्रक्रियेपूर्वीच होते. दाता आणि रुग्ण दोघांच्याही विषाणू चाचण्या होतात. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसी आधीच घेतलेल्या बऱ्या, कारण नंतर त्यांचा प्रभाव मंदावतो. एचपीव्हीची देशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३मध्ये आणली. ज्या बालकाला एपस्टाइन-बारची लागण झालेलीच नाही, त्याला लागण झालेल्या दात्याचा अवयव मिळाला, तर धोका सर्वाधिक. म्हणून अशा मुलांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण वेळोवेळी मोजतात.

११/ हे आपल्या यवतमाळला का ठाऊक असावे? १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५पासून लागू आहे. परंतु शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते आणि पुढची वर्षे रुग्ण आपल्या गावी काढतो. पुसद किंवा वणीच्या माणसासाठी तपासणीची प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च. त्यामुळे 'आता बरे आहे' म्हणून ती टळते.

१२/ काखेत वा मानेत गाठ, न उतरणारा ताप, घटते वजन, त्वचेवरचा न भरणारा व्रण, यांपैकी काहीही दिसले तर विलंब नको. महिलांनी गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये. आणि हा धागा वाचून कोणी गोळ्या स्वतःहून कमी करू नयेत. तो तोल डॉक्टरांनीच साधायचा असतो.

१३/ पेन यांची नोंदवही भरली ती रुग्ण वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिले म्हणून. ते परतले नसते, तर हा धोका कोणाच्या ध्यानातही आला नसता. तुमच्या परिचयात प्रत्यारोपण झालेले कोणी असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवा.